बुरशीच्या नावाचा वाद सोडवायचा कसा? पुण्यातल्या नवख्या अभ्यासकांसाठी

माझ्या टेबलावर तपकिरी कागदाचं एक पाकीट होतं. आत टेकडीवरच्या एका झुडपाची चार वाळलेली पानं, पानांवर काळपट ठिपके, आणि पाकिटावर एकाखाली एक चिकटवलेल्या तीन चिठ्ठ्या. तिन्हींवर वेगळं नाव. तिसरी चिठ्ठी माझ्या हातची. पहिल्या दोन नावांपैकी जुनं कोणतं, हे शोधण्यात माझे आठ महिने गेले. नवव्या महिन्यात कळलं की नियमांच्या हिशेबाने ती दोन्ही नावं कधी जन्मालाच आली नव्हती. एक नाव फक्त टंकलिखित प्रबंधात होतं. दुसरं छापलेलं होतं, पण टाइप नमुना, म्हणजे नाव ज्या एका नमुन्याला बांधलेलं असतं तो, कोणता ते लेखात सांगितलेलंच नव्हतं. मी ज्या प्रश्नाचं उत्तर शोधत होतो तो प्रश्नच उभा राहत नव्हता.

हे आठ महिने तुमचे वाया जाऊ नयेत म्हणून हा लेख. तुम्ही एमएस्सीला असा, पीएचडीच्या पहिल्या वर्षाला असा, किंवा नोकरी सांभाळून दर पावसाळ्यात ताम्हिणीला, सिंहगडाला अळंब्यांचे फोटो काढायला जाणारे असा, वाद सोडवायची वाट एकच आहे. पायऱ्यांचा क्रम मात्र मोडू नका. माझी चूक क्रमाचीच होती.

१. भांडण कशाचं आहे ते आधी ठरवा

‘नावाचा वाद’ म्हणून जे समोर येतं त्यात तीन वेगळे वाद मिसळलेले असतात, आणि तिघांचे निकाल तीन वेगळ्या ठिकाणी लागतात.

पहिला ओळखीचा. हातातला नमुना नेमका कोण आहे? पुण्याच्या आसपास धिंगरी अळंबीची लागवड करणाऱ्यांना ‘साजोर काजू’ हे नाव पाठ असतं. बियाण्याच्या पिशवीवर प्लुरोटस साजोर-काजू असं लिहिलेलं असतं. मलय भाषेत सायुर म्हणजे भाजी आणि कायू म्हणजे लाकूड, त्यावरून हे नाव आलं. पण कवकशास्त्रज्ञ फ्रीसने १८२१ मध्ये ज्या बुरशीला साजोर-काजू म्हटलं ती चिवट मांसाची, दांड्यावर कडं असलेली आणि लेंटिनस या जीनसमधली (जवळच्या जातींच्या गटातली) आहे. आपल्याकडे पिशवीत उगवते ती प्लुरोटस पल्मोनॅरिअस. इथे कोणत्याही समितीकडे जायची गरज नाही, कुठलंही नाव बदलायचं नाही. नाव चुकीच्या बुरशीला चिकटलं आहे, एवढंच. चिठ्ठी बदला, काम झालं.

गुलमोहराच्या बुंध्याशी लाखेचा मुलामा दिल्यासारखं चकाकणारं गॅनोडर्मा दिसलं की आपण लगेच ‘गॅनोडर्मा लुसिडम’ लिहितो. त्या नावाचं मूळ आहे १७८१ मधलं, आणि ते लंडनजवळच्या पेकहॅममधल्या बुरशीला दिलेलं आहे. पुण्यातला नमुना तोच आहे हे सिद्ध करायची जबाबदारी चिठ्ठी लिहिणाऱ्याची असते. जुन्या भारतीय याद्यांमध्ये ‘लुसिडम’ दिसलं की ते नाव म्हणून वाचू नका, ‘असं कुणाला तरी वाटलं’ म्हणून वाचा.

दुसरा वाद वर्गीकरणाचा. दोन गट एक मानायचे की वेगळे? फ्युजेरिअम सोलानीचा गोतावळा फ्युजेरिअममध्येच ठेवायचा की निओकॉस्मोस्पोरा म्हणून वेगळा काढायचा, यावर जगभरचे अभ्यासक दोन बाजूंना आहेत. कँडिडा ऑरिस ही यीस्ट २००९ मध्ये जपानमधल्या एका रुग्णाच्या कानातून वर्णिली गेली. २०२४ मध्ये ती कँडिडोझायमा या नव्या जीनसमध्ये हलवली गेली, आणि आता दोन्ही नावं वाचायला मिळतात. यातलं कोणतं बरोबर, हे सांगणारं न्यायालय नाही. पुरावा वाचायचा, एक बाजू घ्यायची आणि आपण कोणत्या अर्थाने नाव वापरतोय ते लिहायचं. नामकरण समितीला असला प्रश्न पाठवला तर तो तसाच परत येतो.

तिसरा वाद खरा नामकरणाचा. गट ठरला, आता त्या गटाला नियमाने कोणतं नाव लागतं? पुढच्या पायऱ्या फक्त या वादासाठी आहेत. समोरच्या माणसाशी बोलताना पहिल्या पाच मिनिटांत हे तीन वाद वेगळे केले तर निम्मी भांडणं तिथेच मिटतात, हा माझा अनुभव आहे.

२. काय काय जवळ हवं

नियमांचं पुस्तक सगळ्यात आधी. शैवाल, बुरशी आणि वनस्पती या तिघांसाठी एकच आंतरराष्ट्रीय नामसंहिता आहे. प्रयोगशाळेत सगळे तिला ‘कोड’ म्हणतात. २०१७ च्या शेन्झेन परिषदेनंतरची आणि २०२४ च्या माद्रिद परिषदेनंतरची आवृत्ती तुलनेसाठी उघडी ठेवा. त्यात ‘प्रकरण एफ’ हे केवळ बुरशीसाठी आहे आणि त्यातले बदल आंतरराष्ट्रीय कवकशास्त्र परिषदेत होतात, म्हणजे २०१८ मध्ये सान हुआनला आणि २०२४ मध्ये मास्त्रिख्तला. कपाटातली जुनी झेरॉक्स वापरू नका. बुरशीचे नियम गेल्या पंधरा वर्षांत फार बदलले आहेत.

याशिवाय हे लागेल:

- इंडेक्स फंगोरम आणि मायकोबँक या बुरशींच्या नावांच्या ऑनलाइन डेटाबेसमधल्या त्या नावाच्या नोंदी, ज्या दिवशी पाहिल्या त्या तारखेसह उतरवलेल्या
- प्रत्येक स्पर्धक नावाचं मूळ प्रकाशन, सगळी पानं, मुखपृष्ठ आणि अंकाच्या तारखेचं पान धरून
- टाइप नमुन्याचा हर्बेरियममधला (वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहातला) क्रमांक आणि त्या हर्बेरियमचं संक्षिप्त नाव
- तुमचा स्वतःचा नमुना, वाळवलेला, क्रमांक दिलेला आणि सार्वजनिक संग्रहात ठेवलेला
- एक वही, ज्यात प्रत्येक नावापुढे लेखक, वर्ष, पान, टाइप आणि ‘मी स्वतः पाहिलं की नाही’ असे रकाने आहेत

शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. तो नसेल तर दुसऱ्याची चूक तुमची कधी झाली ते कळतही नाही.

पुण्यात राहणाऱ्याला या कामात मोठा आधार आहे. आघारकर संशोधन संस्थेत आजरेकरांच्या नावाचं कवक हर्बेरियम आहे, त्याचं संक्षिप्त नाव एएमएच. राष्ट्रीय बुरशी संवर्धन संग्रहही, म्हणजे एनएफसीसीआय, तिथेच आहे. पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा संग्रह आहे, कोरेगाव रस्त्यावर भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे. जायच्या आधी लेखी परवानगी मागा. आपण कोण, कोणता नमुना पाहायचा, कशासाठी, हे चार ओळींत लिहा. ‘बुरशी बघायची आहे’ एवढ्यावर कुणी कपाट उघडत नाही, आणि उघडूही नये.

३. मूळ लेख शोधा आणि चार चाळण्या लावा

डेटाबेसवर ‘सध्याचं नाव’ म्हणून जे दिसतं ते संपादकाचं मत असतं, निकाल नसतो. मूळ प्रकाशन हातात आल्याशिवाय पुढे जाऊ नका. जुनी पुस्तकं बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीवर फुकट वाचता येतात. १८८२ पासून निघालेले साकार्डोचे लॅटिन खंड कोणत्या नावाचं वर्णन कुठे आहे ते शोधायला अजूनही कामाला येतात. भारतीय नियतकालिकांचे १९५० ते १९८० मधले अंक मात्र बरेचदा कागदावरच सापडतात. त्यासाठी ग्रंथालयात बसावं लागतं.

मग प्रत्येक नाव चार चाळण्यांतून घाला. क्रम हाच.

पहिली चाळणी: ते खरोखर प्रकाशित झालं का? प्रबंधातलं नाव हा पुण्यातल्या विद्यार्थ्यांसाठी सगळ्यात मोठा खड्डा. १ जानेवारी १९५३ पासून पदवीसाठी सादर केलेला प्रबंध हे प्रकाशन धरलं जात नाही, त्यात तसं स्पष्ट विधान किंवा आयएसबीएनसारखी खूण असेल तरच धरतात. विद्यापीठाच्या ग्रंथालयात शिक्का मारून ठेवलेली प्रत म्हणजे प्रकाशन नव्हे. परिषदेतलं पोस्टर नव्हे, पाकिटावरची चिठ्ठीही नव्हे. इंटरनेटवरची पीडीएफ १ जानेवारी २०१२ पासून चालते, पण आयएसएसएन किंवा आयएसबीएन असलेल्या प्रकाशनातली.

दुसरी चाळणी: नाव वैध आहे का? इथे तारखा पाठच करा. १ जानेवारी १९३५ ते ३१ डिसेंबर २०११ या काळात नव्या बुरशीचं वर्णन लॅटिनमध्ये हवंच होतं. १ जानेवारी २०१२ पासून लॅटिन किंवा इंग्रजी. १ जानेवारी १९५८ पासून टाइप दाखवणं सक्तीचं. १९९० पासून ‘होलोटाइप’ किंवा ‘टाइप’ हा शब्द लेखात हवा आणि तो नमुना कुठल्या एका हर्बेरियममध्ये आहे तेही हवं. १ जानेवारी २०१३ पासून मायकोबँक, इंडेक्स फंगोरम किंवा फंगल नेम्स यांपैकी एकाकडून मिळालेला नोंदणी क्रमांक मूळ लेखात छापलेला हवा. यातली एक अट चुकली तरी नाव वैध नाही, मग ते पन्नास वर्षं पाठ्यपुस्तकात का असेना.

उलटंही लक्षात ठेवा. अटी पूर्ण झाल्या असतील तर सुमार नियतकालिकातलं, कुणी न तपासलेलं नावही वैध असतं. लेख वाईट आहे म्हणून नाव टाकून देता येत नाही. हे मला फार दिवस पटत नव्हतं. मग लक्षात आलं, प्रत्येकाने ‘चांगला लेख’ आपापल्या मापाने ठरवला असता तर एकही नाव उभं राहिलं नसतं.

तिसरी चाळणी: नाव नियमबाह्य तर नाही? तेच नाव आधी दुसऱ्या कुणी दुसऱ्या बुरशीला दिलं असेल तर नंतरचं नाव बाद होतं. केवळ हुबेहूब नव्हे, गोंधळ होण्याइतकं जवळचं असलं तरी. कोडमध्येच ‘सायनेन्सिस’ आणि ‘चायनेन्सिस’ अशा जोड्या उदाहरण म्हणून दिल्या आहेत. आपल्या शहराच्या नावावरून ‘पूनेन्सिस’ आणि ‘पुनेन्सिस’ अशी दोन्ही पदं बनू शकतात, त्यामुळे एकाच जीनसमध्ये ती वेगवेगळ्या बुरशींना दिलेली दिसली तर सावध व्हा. पुणेकराला हे सहज पटावं. संस्था आघारकरांच्या नावाची, वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकरांच्या, आणि ती उभी आहे समाजसुधारक गोपाळ गणेश आगरकरांच्या नावाच्या रस्त्यावर. बाहेरगावचा माणूस पत्ता विचारताना हमखास अडखळतो. गोंधळ होण्याइतकं साम्य आहे की नाही यावर एकमत होत नसेल तर समितीकडून बंधनकारक निर्णय मागता येतो.

चौथी चाळणी अग्रक्रमाची, म्हणजे जुनं नाव कोणतं याची. तिच्यासाठी वेगळी पायरी हवी, कारण तिच्याआधी टाइप पाहावा लागतो.

माझ्या पाकिटावरच्या प्रबंधातल्या नावाने पहिल्या चाळणीत दम तोडला, दुसऱ्याने दुसऱ्या चाळणीत. मी मात्र थेट चौथीपासून सुरुवात केली होती.

४. टाइप स्वतः पाहा

नाव वर्णनाला बांधलेलं नसतं, चित्रालाही नाही (काही जुन्या नावांचा टाइप हाच चित्र असतो, तो अपवाद). ते एका नमुन्याला बांधलेलं असतं. वर्णनात कितीही चुका असोत, तो नमुना जे आहे तेच त्या नावाचा अर्थ. म्हणून नामकरणाचा वाद शेवटी कुठल्यातरी कपाटातल्या एका पाकिटापाशी येऊन थांबतो.

औषधी म्हणून विकल्या जाणाऱ्या आशियातल्या गॅनोडर्माचं उदाहरण घ्या. ते युरोपातलं लुसिडम नाही हे ठरल्यावर २०१२ मध्ये त्याला गॅनोडर्मा लिंगझी हे नवं नाव दिलं गेलं. पण १९८३ मध्येच चीनमधून गॅनोडर्मा सिचुआनेन्से हे नाव आलेलं होतं. दोन्ही एकच असतील तर जुनं नाव जिंकणार. मग सगळी चर्चा १९८३ च्या टाइपवर आली: तो नमुना नक्की काय आहे, त्याचा डीएनए काय सांगतो, त्याला आधार म्हणून दुसरा नमुना नेमायचा का. वर्षानुवर्षं लेखांवर लेख निघाले ते एका नमुन्यावरून.

टाइप बाहेरगावच्या हर्बेरियममध्ये असेल तर तो तुम्हाला टपालाने घरी येत नाही. उसनवारी संस्थेकडून संस्थेला होते. तुमच्या विभागप्रमुखांचं पत्र लागतं. आधी फोटो मागा, बरेचदा तेवढ्यावर काम भागतं. नमुना आला तर काचपट्टीसाठी किंवा डीएनएसाठी तुकडा काढायची परवानगी वेगळी मागा. ठिपका तांदळाच्या दाण्याएवढा असतो आणि तुमच्याआधी चार जणांनी त्यातून घेतलेलं असतं. जुनी चिठ्ठी कधीही काढू नका, खोडू नका. तुमचं मत नव्या चिठ्ठीवर, खाली चिकटवून.

टाइप हरवला असेल किंवा पाकीट रिकामं निघालं तर घाबरू नका, त्यालाही मार्ग आहे. मूळ लेखकाने पाहिलेल्या इतर नमुन्यांतून किंवा चित्रांतून लेक्टोटाइप निवडतात. मूळ साहित्यातलं काहीच उरलं नसेल तर निओटाइप. टाइप आहे, पण त्यावरून काही ठरवता येत नाही, अशा वेळी त्याच्या जोडीला एपिटाइप. ही निवड प्रकाशित लेखातच करावी लागते. २००१ पासून ‘इथे नेमत आहे’ अशा अर्थाचे शब्द त्यात हवेत, आणि बुरशीसाठी १ जानेवारी २०१९ पासून या निवडीलाही नोंदणी क्रमांक लागतो. तो विसरला तर निवड झालीच नाही असं धरतात.

आणखी एक खड्डा, संवर्धनावर काम करणाऱ्यांसाठी. जिवंत कल्चर, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेली बुरशी, टाइप होऊ शकत नाही. ते कायमचं निष्क्रिय अवस्थेत ठेवलेलं हवं, म्हणजे शीतशुष्क केलेलं किंवा अतिशीत साठवलेलं, आणि लेखात तसं लिहिलेलं हवं. ‘टाइप कल्चर अमुक क्रमांक’ एवढंच लिहून नाव गमावलेले लेख मी पाहिले आहेत. माझ्या ओळखीत एकाने वाळवलेलं कल्चर हर्बेरियममध्ये आणि जिवंत कल्चर संवर्धन संग्रहात, असं दोन्हीकडे ठेवलं. तेच करावं.

नुसत्या डीएनए क्रमाला टाइप करावं, हा प्रस्ताव २०१८ मध्ये सान हुआनला आला होता आणि मान्य झाला नाही. मातीतून क्रम मिळाला, बुरशी दिसली नाही, तर नाव देता येत नाही.

५. आता अग्रक्रम लावा

चाळण्यांतून उरलेली आणि एकाच बुरशीची ठरलेली नावं तारखेने लावा. सर्वांत जुनं ते योग्य. सुरुवात १ मे १७५३ पासून. साधं वाटतं, पण तीन ठिकाणी पाय घसरतो.

एक, अग्रक्रम त्या त्या पातळीपुरता असतो. मंडईत मिळणारं बटन मश्रूम, अगॅरिकस बायस्पोरस, याचं मूळ पद लांगेने १९२६ मध्ये दुसऱ्या एका जातीचा ‘फॉर्म’, म्हणजे जातीखालच्या पातळीवरचा प्रकार, म्हणून दिलं होतं. म्हणून जातीच्या (स्पीशीजच्या) शर्यतीत १९२६ हे वर्ष धरता येत नाही. आजचं नाव इम्बाखने १९४६ मध्ये केलं. आता दुसरी बाजू पाहा: १९०० मध्ये पेकने अगॅरिकस ब्रुनेसेन्स वर्णिलं होतं. उत्तर अमेरिकेतल्या काही अभ्यासकांचं म्हणणं की तीच ही बुरशी, म्हणून नाव ब्रुनेसेन्स. इतरांचं म्हणणं की पेकच्या नमुन्यावरून तसं ठरवता येत नाही. तारखेवर कुणाचंच दुमत नव्हतं, वाद टाइपच्या ओळखीचा होता. बायस्पोरस टिकलं.

दोन, मंजुरी मिळालेली नावं. पर्सूनच्या १८०१ च्या आणि फ्रीसच्या १८२१ ते १८३२ च्या ग्रंथांत स्वीकारलेल्या नावांना बुरशीत खास संरक्षण आहे. त्यांच्याआधीचं स्पर्धक नाव जुनं असूनही हरतं. लेखकाच्या नावांमध्ये विसर्गासारखी दोन टिंबं दिसली की हे प्रकरण आहे असं समजा.

तीन, एका बुरशीची दोन नावं. लैंगिक अवस्थेला एक आणि अलैंगिक अवस्थेला दुसरं नाव देण्याची पद्धत २०११ च्या मेलबर्न परिषदेत संपली. आता एक बुरशी, एक नाव. मावळात आणि कोकणात भातावर पडणारा करपा घ्या. पायरिक्युलारिया हे जीनस १८८० चं, मॅग्नापोर्थे १९७२ चं. रोगशास्त्राच्या पुस्तकांत मॅग्नापोर्थे ओरायझे बराच काळ रुळलेलं होतं. पण मॅग्नापोर्थेचा टाइप ही दुसरीच बुरशी आहे आणि ती करप्याच्या बुरशीची जवळची नातेवाईक निघाली नाही. म्हणून योग्य नाव पायरिक्युलारिया ओरायझे. जुन्या प्रबंधात दुसरं नाव दिसलं तर ती चूक नव्हे, त्या काळाचा नियम तसा होता. एमेरिसेला निड्युलान्स आणि अस्परजिलस निड्युलान्स हीही अशीच जोडी.

६. स्पेलिंग आणि लिंग

यावर लोक फार भांडतात, खरं तर हा सर्वांत सोपा भाग. चुकीचा शेवट कोडप्रमाणे दुरुस्त करायचा, लेखक आणि तारीख बदलत नाहीत, नवा लेख लागत नाही. पुरुषाच्या सन्मानार्थ व्यंजनान्त आडनाव असेल तर शेवटी दोन आय, म्हणून कामतांवरून ‘कामतिआय’. आडनाव ‘-एर’ने संपत असेल तर एकच. स्त्रीच्या सन्मानार्थ व्यंजनान्त आडनावाला ‘-इए’. गॅनोडर्मा आपल्या कानाला स्त्रीलिंगी वाटतं, पण ते नपुंसकलिंगी, म्हणून लुसिडम, लुसिडा नव्हे.

७. आधी माणसाशी बोला

मी हे उशिरा केलं. दुसरं नाव देणारे लेखक हयात होते आणि पुण्यातच होते. त्यांच्याकडे न जाता मी थेट त्यांचं नाव अवैध असल्याचा मजकूर लिहायला घेतला. एका ज्येष्ठ बाईंनी मला थांबवलं. म्हणाल्या, ‘‘अरे, सरांना आधी फोन कर. त्यांच्याकडे पाकीट असेल.’’ पाकीट होतं. सोबत १९७० च्या आसपासची वही होती, त्यात गोळा केल्याची तारीख, झाडाचं नाव, टेकडीची कुठली बाजू, सगळं. टाइप दाखवायचं राहून गेलं ही चूक त्यांनी शांतपणे मान्य केली आणि वही मला दिली.

कोडमध्ये ‘एक्स’ची सोय आहे. आधी कुणी नाव सुचवलं पण ते वैध झालं नाही, आणि नंतर दुसऱ्याने ते नीट प्रकाशित केलं, तर दोघांची नावं ‘एक्स’ने जोडून लिहिता येतात. मूळ कष्ट करणाऱ्याचं नाव त्यामुळे पुसलं जात नाही. पत्र लिहिताना ही गोष्ट पहिल्या परिच्छेदातच सांगा.

८. नियमाचा निकाल गैरसोयीचा असेल तर: प्रस्ताव

कधी सगळं बरोबर करूनही निकाल असा येतो की सर्वांच्या तोंडी असलेलं नाव जाऊन कुणी न ऐकलेलं जुनं नाव पुढे येतं. अशा वेळी नाव राखून ठेवण्याचा किंवा त्रासदायक नाव रद्द करण्याचा प्रस्ताव मांडता येतो. तो ‘टॅक्सॉन’ या नियतकालिकात छापला जातो, मग बुरशींच्या नामकरण समितीकडे जातो. तिथे ६० टक्के मतं लागतात. पुढे सर्वसाधारण समिती, आणि शेवटी आंतरराष्ट्रीय वनस्पती परिषद. परिषद साधारण सहा वर्षांनी भरते, पण सर्वसाधारण समितीने होकार दिला की नाव वापरायला मोकळीक मिळते.

प्रस्ताव दोन-तीन पानांचा असतो. त्यात भावना चालत नाहीत, वापराचा पुरावा चालतो: हे नाव कोणत्या पुस्तकांत, कोणत्या रोगांच्या याद्यांत, कोणत्या कायद्यांत, किती काळ वापरात आहे. ‘पुण्यात सगळे हेच म्हणतात’ याला वजन नाही. माझ्या बाबतीत ते नाव इथल्या मोजक्या याद्यांपलीकडे गेलंच नव्हतं, म्हणून मी प्रस्ताव केला नाही. एखाद्या गटाची अनेक नावं एकदम सुरक्षित करायची असतील तर संरक्षित नावांच्या याद्यांचा मार्गही आहे, पण ते काम गटाने करायचं असतं, एकट्याने नाही.

प्रस्ताव छापल्यावर निकाल लागेपर्यंत रूढ वापर मोडू नका.

९. शोधातून नवं नाव द्यायची वेळ आली तर

नोंदणी क्रमांक हस्तलिखित स्वीकारलं गेल्यावर आणि छापण्यापूर्वी घ्या. नुसता क्रमांक मिळाला म्हणजे नाव जन्मलं असं नाही. आपल्याकडे एक कायदेशीर बाजूही आहे. जैविक विविधता कायदा, २००२ च्या कलम ३९ नुसार नवीन जाती सापडली तर नेमून दिलेल्या संग्रहालयाला ती कळवायची आणि नमुना तिथे जमा करायचा. नमुना परदेशी पाठवायचा असेल तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी कुठल्या प्रकारची लागते ते पाकीट टपालात टाकायच्या आधी विचारा. कोड यातलं काही विचारत नाही, पण कायदा विचारतो.

१०. तोवर चिठ्ठीवर काय लिहायचं

तुम्ही मानता ते नाव, लेखकांसह. कोणाच्या अर्थाने वापरताय ते. तुमचं नाव, तारीख, आणि कशावरून ठरवलं: बीजाणूंची मापं, डीएनए की टाइपशी तुलना. वाद चालू असेल तर दुसरं नावही खाली लिहा, म्हणजे शोधणाऱ्याला दोन्हीकडून पाकीट सापडेल. काळी कार्बन शाई किंवा पेन्सिल वापरा, बॉलपेन नको, ते पसरतं आणि उडतं. माझ्या पाकिटावर आता चौथी चिठ्ठी आहे. तिच्यावर १९८० च्या दशकात दुसऱ्या राज्यातून आलेलं, चारही चाळण्यांतून उतरलेलं नाव आहे, आणि खाली कंसात सरांच्या वहीचा पान क्रमांक.